रंगनाथ वायरमनचा चाकू

शालन,

काल शिरूर कासारहून घरी आलो. दारात चप्पल काढता काढता तोंडातून निघूनच गेलं, "अगं, ऐकलंस का? झालं बरं का ते काम!" गोठ्यातल्या गाईनं तेवढं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मग मी तसाच उंबऱ्यावर बसून राहिलो.

तू गेलीस तेव्हा ज्वारी काढणीला आली होती. आता उन्हाळा सरत आला, तरी काही झालं की आधी तुला सांगायची सवय जात नाही. आणि ही बातमी तर तुझीच! जे काम अर्धं टाकून गेलीस, ते काल पुरं झालं. म्हणून लिहायला बसलोय. दूध सोसायटीत एवढी वर्षं दूध मोजून आकडे लिहिले, पण तुला पत्र कधी लिहिलं नाही. कशाला लिहिणार? तू कधी माझ्यापासून लांब गेलीसच नाहीस.

तुझ्या वडलांचा, दादांचा चाकू आता माझ्यासमोर आहे. ते सहकारी साखर कारखान्यात वायरमन होते. तू लहान होतीस त्या दुष्काळात ऊसच नव्हता, कारखान्याची चिमणी थंड झाली, आणि दादा घरी बसून विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायला लागले. त्यांच्या शेजारी बसून तांब्याच्या तारेचे वेढे घालायला तू शिकलीस. नेकनुरात तुझं दुकान झालं तेव्हा लोक मुद्दाम बघायला यायचे, की बाई मोटार भरते म्हणजे भरते कशी!

दादा वारले तेव्हा भावांनी विचारलं, तुला काय पाहिजे. तू चाकू मागितलास. भाऊ म्हणाले, "बस? एवढंच?" दोन पात्यांचा, शिसवी मुठीचा, कमरेला अडकवायला पितळी कडी असलेला. एक पातं कापायचं. दुसरं पेचकसासारखं, आणि त्याच्या बुडाशी वायर सोलायची बारीक खाच. पूर्वीच्या प्रत्येक वायरमनच्या खिशात असा चाकू असायचा. आताची पोरं दातानं वायर सोलतात, असं तू चिडून म्हणायचीस.

मग बीडला तार आणायला गेलीस आणि भंगारवाल्याच्या ढिगातून दुसरा घेऊन आलीस. मला वाटलं, एक झाला, दोन झाले, पुरे. पुरे कसलं! काळ्या शिंगाच्या मुठीचा आला. एकाचं पातं धार लावून लावून सुईसारखं झालेलं. एकाची मूठ फुटली म्हणून मालकानं पिवळी टेप गुंडाळलेली, ती तू कधी काढू दिली नाहीस. माझी आई म्हणायची, "कावून लोखंड साठवतीस घरात? भांडणं लागतील." आणि तू हसून म्हणालीस, "आत्याबाई, भांडायला आमाला चाकू कशाला लागतोय?" आई पण हसली होती त्या दिवशी. आठवतंय तुला?

नव्या प्लास्टिकच्या मुठीचा चाकू तुला फुकट दिला तरी नको असायचा. आणि जुना मिळाला, पण तो कुणाच्या खिशात होता ते कळलं नाही, तर तुला तो अर्धाच मिळाल्यासारखा वाटायचा. चार चार गावं फिरून तू मालकाचा पत्ता काढायचीस.

चाकूंचा निम्मा संसार तर तू दुष्काळातच जमवलास! आपल्या लग्नानंतरचा तो मोठा दुष्काळ. आधी विहिरी आटल्या, कोरड्या चालून मोटारी जळाल्या, तुझ्या दुकानापुढं रांग लागली. मग पाणीच संपलं. मोटार भरून नेऊन लोक करणार काय? आपली जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं, आमच्या सोसायटीला कुलूप लागलं. मी दिवसभर आढ्याकडं बघत पडायचो. तू एका सकाळी म्हणालीस, "उठा. काम न्हाई तर न्हाई. माणसं तर हायेत." मला गाडी काढायला लावलीस आणि म्हाताऱ्या वायरमन लोकांच्या घरी हिंडायला सुरुवात केलीस.

गाडीला पाण्याची कॅन बांधायचीस तू. त्या दिवसांत पाहुणा आला की बायका हंड्यात डोकावून बघायच्या, तांब्याभर पाणी द्यायचं कुठून? तू दारात गेलीस की आधी आपल्या कॅनमधलं पाणी त्यांच्या हंड्यात ओतायचीस, मग बसायचीस. चाकू मिळाला तर मिळाला. नाही मिळाला तर बोलणं ऐकून यायचीस.

असंच आपण काशिनाथमामांकडं गेलो. शिरूर कासारचे, कारखान्यात दादांच्या बरोबरचे. दसऱ्यानंतर मुलं-सुना ऊसतोडीला जातात आणि म्हातारा एका शेळीला घेऊन घर सांभाळतो. तू विचारलंस, "मामा, तुमचा चाकू हाय का अजून?"

मामांनी बंडीच्या आतल्या खिशातून काढला. तळहातावर ठेवून आपल्याला दाखवला आणि लगेच मूठ मिटली.

"हाय. पन हा माझा न्हाई."

"मग कुणाचा?"

"रंगनाथचा."

मग ते बोलले तसं मी तुझ्या तोंडाकडं बघत होतो. कारखाना बंद पडल्यावर मामा आणि त्यांचा जोडीदार रंगनाथ विहिरींवर मोटारी बसवत हिंडायचे. एका विहिरीत गाळातलं पाणी उपसायला डिझेल इंजिन खाली उतरवलेलं होतं. सकाळभर चालवून ते बंद केलेलं.

"रंगनाथ म्हनला, आदी पायपाच्या बुडाचा फुटवाल बघून येतो," मामा सांगत होते. "खिशातून चाकू काढून माझ्या हातात दिला. म्हनला, खाली गाळ हाय, पडला तर घावायचा न्हाई, वर आल्यावर दे. इंजनाचा धूर कोंडलता खाली. आमाला काय ठावं? डोळ्याला दिसत न्हवता. मी हाक मारली, त्यानं ओ दिली. परत मारली, ओ दिली. मग दिली न्हाई."

शेळी दोराला हिसके देत होती.

"त्याच्या बायकूला द्यायला गेलतो, पोरी. गयाबाईला. तिच्या मांडीवर बारकी कांता. दारात समद्या बायका बसलेल्या. तितं चाकू कसा काढू? तसाच आलो. दसऱ्यानंतर गेलो तर घराला कुलूप. टोळीसंगं गेलती ऊस तोडायला. ती तिकडंच ऱ्हायली, गावाला आलीच न्हाई. आता कुटं द्यावा हा?"

मला वाटलं, तू म्हणशील, माझ्याकडं ठेवा मामा, मी जपून ठेवीन. इतका जुना, इतका देखणा चाकू तुझ्याकडं एकही नव्हता. तू हातसुद्धा पुढं केला नाहीस. म्हणालीस, "तुमच्यापशीच असू द्या. जिचा हाय, तिला हुडकू."

परत येताना तू गाडीवर मागं बसलेलीस. नेकनूर जवळ आल्यावर म्हणालीस, "अवो, ती बारकी कांता आता माझ्याएवढी असंल."

मग सुरू झाला तुझा शोध! छावणीत शिरूरकडची माणसं भेटली की विचार. उन्हाळ्यात टोळ्या परतल्या की ट्रकपुढं जाऊन उभी राहा. "रंगनाथ वायरमनची कांता ठावं हाय का कुणाला?" एक मुकादम वैतागून म्हणाला होता, "बाई, ऊसतोडीला जानाऱ्या कांता लई हायत." तू म्हणालीस, "रंगनाथ वायरमनची एकच हाय." तो निघून गेला, तू पुढच्या ट्रककडं गेलीस. दुष्काळ सरला, सोसायटीत परत दूध यायला लागलं, तुझं दुकान चालू झालं, पण दर उन्हाळ्यात तुझं हे चालूच.

आणि मामांकडं जाणंही. टोळ्या गेल्या की म्हाताऱ्याला भाकरीचं पीठ, चहापत्ती नेऊन द्यायचीस. मी म्हणायचो, सापडत नाही तर कशाला त्याला तोंड दाखवायचं? तू म्हणायचीस, "सापडत न्हाई म्हणूनच जायचं."

एवढं दुसऱ्यांचं कळायचं तुला, मग स्वतःचं मला का कळू दिलं नाहीस, शालन? पोटात दुखतंय हे तू कंबरेवर ढकललंस. "बसून बसून कंबर धरली," म्हणायचीस आणि मी खुळ्यासारखा तेल चोळत बसायचो! जेवण कमी झालं तर म्हणालीस, उन्हाळा आहे. साडी सैल व्हायला लागली तर म्हणालीस, काम जास्त आहे. अंबाजोगाईला नेलं तेव्हा गाठ वाढलेली. डॉक्टर पोरगेलासा होता. मला बाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं त्यानं, आणि सांगताना त्याचेच डोळे भरले. मी त्यालाच म्हणालो, असू द्या डॉक्टर. काय असू द्या? मला काय कळत होतं तेव्हा!

त्या वॉर्डातसुद्धा तू गप्प पडली नाहीस. शेजारच्या खाटेवरची म्हातारी ऊसतोडीवाल्यांच्या घरातली निघाली, तर सलाइन लावलेल्या हातानं खुणा करून तिला रंगनाथची गोष्ट सांगत होतीस. मी रागावलो. "आता तरी गप पड की!" तू म्हणालीस, "इचारायला काय लागतंय?"

मग त्यांनी घरी न्या म्हणून सांगितलं. घरी न्या म्हणजे काय, ते तुलाही कळलं आणि मलाही. गाडीत दोघंही पावसापाण्याचं बोलत आलो.

त्या शेवटच्या दिवसांतली एक सकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. अंगणात उन्हाला तुझी खाट टाकली होती. तू म्हणालीस, चाकू आणा, तेल द्यायचं राहिलंय. भिंतीवरच्या फळीवरून एकेक काढून आणला. नखानं पातं उघडण्याएवढाही जोर तुझ्यात राहिला नव्हता. मी उघडून द्यायचो, तू कापसाच्या बोळ्यानं तेल फिरवायचीस, मी मिटून ठेवायचो. प्रत्येकाला तू नावानं ओळखत होतीस. हा अमक्याचा, तो डावखुरा होता बघा. हा तमक्याचा, त्याला तंबाखू लई लागायची. तू नावं सांगत होतीस आणि मी तुझी बोटं बघत होतो. आता नावं विचारशील तर एकही धड सांगता येत नाही. बोटं आठवतात. नखाजवळ मोटारीला लावायच्या वॉर्निशचा पिवळा डाग होता, तो दवाखान्यात एवढं धुऊनही गेला नव्हता.

तू गेलीस तेव्हा दुपार होती. गल्लीतल्या सगळ्या बायका ज्वारीच्या रानात. तू पाणी मागितलंस. मी आणलं. तू तांब्याकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस, आणि प्यायली नाहीस. मी किती वेळ तांब्या धरून उभा होतो कुणास ठाऊक. शेजारची भामाबाई रानातून आली, तिनं माझ्या हातातून तांब्या काढून घेतला. तेव्हा मला कळलं.

त्यानंतरचं काय सांगू? जेवतो. दूध मोजतो. लोक विचारतात, बरं आहे का? मी म्हणतो, बरं आहे.

आणि परवा सकाळी दारात एक बाई उभी. उन्हानं रापलेली, हातावर उसाच्या पाचटानं ओरखडे पडलेले. म्हणाली, "नेकनूरची मोटार भरनारी बाई हितंच ऱ्हाती का? दुकान बंद दिसलं. चहावाल्यानं हे घर दावलं."

राहत होती, असं मला म्हणता आलं नाही गं. मी म्हणालो, "बसा."

ती बसली आणि बोलायला लागली. "मी कांता. आमच्या मुकादमाची आई अंबाजोगाईला दवाखान्यात व्हती. तिच्या शेजारच्या खाटंवर..." बोलता बोलता तिची नजर भिंतीवर गेली. तुझ्या फोटोला हार होता. तिचं वाक्य तिथंच राहिलं. मग ती उठली, फोटोपुढं जाऊन उभी राहिली, आणि तुला कधी न बघितलेली ती बाई रडायला लागली. मीच तिला पाणी दिलं.

सापडली, शालन! तू ट्रकामागून ट्रक पालथे घातलेस, आणि ती सापडली तुझ्या त्या खाटेवरच्या बोलण्यानं. मी गप पड म्हणालो होतो, त्या बोलण्यानं!

तिला चाकूचं सांगितलं तर म्हणाली, "माझी आई बी गेली. आता चाकू घिऊन मी काय करू, भाऊ?" तू असतीस तर नेमकं बोलली असतीस. मी एवढंच म्हणालो, "म्हातारा वाट बघतोय." मग रात्री ती भामाबाईकडं राहिली आणि काल सकाळी आम्ही एसटीनं शिरूरला गेलो.

मामांना आता नीट दिसत नाही. तू गेल्याचं मी मागंच जाऊन सांगितलं होतं, त्यामुळं माझा आवाज ऐकून ते नुसतं "ये लेका" म्हणाले. मी म्हणालो, "मामा, कांता आलीय. रंगनाथची."

मामा उठून उभे राहिले. भिंतीला धरून, पण उभे राहिले. बंडीत हात घातला. "लई उशीर केला माय मी," म्हणाले, आणि चाकू पुढं केला.

कांतानं तो घेतला नाही. मामांचा हात दोन्ही हातांत धरून त्यांना खाली बसवलं आणि म्हणाली, "चाकू ऱ्हाऊ द्या, आजा. मला बापाचं तोंड बी आठवत न्हाई. त्यो बोलायचा कसा, ते सांगा."

मामा हसायलाच लागले. "बोलायचा कसा? अडखळत बोलायचा! क आला का थांबलाच गडी. का-का-काशिनाथ. मला हाक मारूस्तवर माझी बिडी संपायची."

कांतानं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, तिला वाईट वाटलं. पण ती म्हणाली, "माझा थोरला तसाच बोलतो, आजा. साळंत हसत्यात त्याला. सासू म्हनती, हे कुटून आनलंस? मला तरी कुटं ठावं व्हतं!"

"आगं मग तुज्या बापाचं हाय ते!" मामा ओरडलेच. "तू झालीस तवा आमी त्याला म्हनलो, आरं, तुला बोलाया यील असं नाव ठिव. सीता ठिव, मीरा ठिव. तर म्हनला, न्हाई, का-कांताच. दिवसातून धा येळा अडखळीन, पन माझ्या लेकीला मी ह्याच नावानं हाक मारीन."

शालन, तू तिथं असायला हवी होतीस. दुसरं काही मागत नाही मी. तेवढी एक दुपार तुला बघायला मिळायला हवी होती. कांता रडत होती, हसत होती, आणि मामांना म्हणत होती, "परत म्हना, आजा. बाप कसा हाक मारायचा, परत म्हना." आणि म्हातारा बोळक्या तोंडानं परत परत म्हणत होता, का-कांता, का-कांता. मी बाहेर येऊन शेळीजवळ उभा राहिलो. मला ते बघवेना.

निघताना तिनं चाकू घेतला. थोरल्याला देते म्हणाली. पदराच्या गाठीत बांधला आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

स्टँडवर तिची गाडी यायला वेळ होता. तिनं विचारलं, "भाऊ, ताईनं हे कावून केलं? आमी तिचे कोन लागत व्हतो?" इतकी वर्षं तुझ्याबरोबर हिंडलो, पण हे मी कधी विचारलंच नाही तुला. तू चहा मागितलास की चहा द्यावा, तितकं ते मला साधं वाटायचं.

मग ती आपलं आपणच बोलायला लागली. तिच्या घरचं, पोरांचं. म्हणाली, दसऱ्यानंतर निघतो ते थेट उन्हाळ्यातच परत. दिवाळी उसाच्या फडातच. "आजूबाजूच्या पाचटाच्या कोप्यांवर कुनाकुनाचे भाऊ येत्यात भाऊबीजेला. माझं तसं काय न्हाई. मला भाऊच न्हाई." हे तिनं माझ्याकडं काही मागायला म्हणून सांगितलं नाही. गाडी आली, ती चढली, खिडकीतून हात केला आणि गेली.

मी तिला तिथं काही बोललो नाही. तुला न विचारता शब्द कसा देऊ? म्हणून आता तुलाच देतो. येत्या भाऊबीजेला मी तिच्याकडं जाणार. टोळी कुठल्या कारखान्याच्या फडात उतरली ते मुकादमाला विचारून घेईन. लांब असेल, सांगली-कोल्हापूरकडं असेल, तरी जाईन. साडीचा रंग मला कळत नाही, भामाबाईला बरोबर नेऊन घेईन. पोरांना खाऊ घेईन. कोपीत पाट नसेल तर पोत्यावर बसेन आणि ओवाळून घेईन. दिवाळीचा सण तुझ्याशिवाय या घरात काढायचा म्हणून मी आतापासून भीत होतो, ते तुला माहीत असेलच. रडू येईल मला तिथं, ते येऊ दे. पण जाईन. आणि या वर्षापुरतं नाही, पायांत जोर आहे तोवर दर भाऊबीजेला जाईन. तिला माहेर नाही, शालन, आपलं घरच तिचं माहेर होऊ दे.

तू नाहीस तरी अजून दोघांचाच चहा टाकणारा,
बन्सी